होडीचा हिरवा

मुश्ताकभाई गिऱ्हाइकाचा मोबाइल हातात घेतात, बंद करतात आणि परत देत विचारतात, "आता यात कुठला रंग दिसतो?"

गिऱ्हाईक म्हणतं, काळा.

"कागद असा चालू-बंद होत नाही," मुश्ताकभाई म्हणतात. त्यांच्या मते विषय तिथे संपतो.

पनवेलच्या उरण नाक्याजवळ आमचा छापखाना आहे. तिथे ते एकतीस वर्षं रंग बघतात. मी मुद्रितं तपासते, म्हणजे लग्नपत्रिकांत काकांची नावं नीट आली आहेत ना ते पाहते. चूक सापडली की मी चिडते. मुश्ताकभाई चिडत नाहीत, तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणतात. मोबाइल लाल, हिरवा, निळा असा उजेड दाखवतो. आमचं मशीन आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया कागदावर लावतं. उजेडाचे काही रंग शाईत बसतच नाहीत. म्हणून डिझाइन हातात आलं की ते आधी उजेडाच्या आरजीबीचं शाईचं सीएमवायके करतात, उतरलेला रंग गिऱ्हाइकाला दाखवतात आणि कागदावरच्या नमुन्यावर सही घेतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अंगठा ते धरत नाहीत.

गेल्या आषाढात करंज्याहून भावेश कोळी आला. वडील दयाराम यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्यस्मरणाची पत्रिका छापायची होती, वर त्यांच्या होडीचा फोटो. वर्षभर होडी किनाऱ्यावरच होती. कार्य झालं की भावेश तिला नवा रंग देऊन दर्यात घालणार होता.

"आईला होडीचा हिरवा जसाच्या तसा पायजे," तो म्हणाला. "बाकी तिचं काय म्हननं नाय."

त्याने मोबाइलवरचा फोटो दाखवला. हिरवा नुसता पेटला होता. मुश्ताकभाईंनी मोबाइल बंद करून आपला प्रश्न विचारला. भावेशने तो पुन्हा चालू केला.

पहिला नमुना निघाला तो थोडा मातकट. भावेशने मोबाइल शेजारी धरला. "हा मेलेला वाटतो," तो म्हणाला आणि त्याने नमुना पालथा ठेवला.

मुश्ताकभाईंनी नमुना टेबलाच्या खणात ठेवला. मग जे ते कोणासाठी करत नाहीत ते केलं. चार शायांवर पाचवी, खास हाताने कालवलेली हिरवी शाई लावायची ठरवली. तीन दिवस ते काचेवर पट्टीने पिवळ्यात हिरवा घोटत होते. शेजारी भावेशने पाठवलेला फोटो, मोबाइलचा उजेड पूर्ण वाढवलेला. इतकी वर्षं ज्या मोबाइलवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितलं, त्यालाच हा माणूस रंग विचारत होता. मला राग आला होता, पण पोराचा चेहरा मीही पाहिला होता.

चौथ्या दिवशी रंग जमला. भावेश खूश झाला. अंगठा चालत नाही म्हटल्यावर सहीसाठी त्याची आई, कृष्णाबाई, स्वतः आल्या.

त्यांनी नमुना लांब धरून पाहिला. "ही कोनाची होडी?"

"आपलीच, आये," भावेश म्हणाला.

"आपली नाय."

त्यांनी कनवटीची पुडी सोडली. आत होडीवरून निघालेला रंगाचा पोपडा होता, बोटभर लांब, चांगला जाड. कडेने पाहिलं तर थरावर थर होते. दर वर्षी रंगाचा एक हात.

"यातला कुठला हवा, बाई?" मुश्ताकभाईंनी विचारलं.

"वरचा. त्यांनी मारलेला शेवटला हाय. कार्य झालं की भावेश त्याच्यावर नवा मारेल. मारायलाच पायजे, होडी काय बसवून ठेवायची नाय. पन मग हा कदी दिसायचा नाय. म्हनून कागदावर ठेवायचा."

मुश्ताकभाईंनी पोपड्यासाठी हात पुढे केला. कृष्णाबाईंनी तो दिला नाही. तेव्हा ते त्यांना दारात उजेडात घेऊन गेले. तिथे कृष्णाबाईंनी स्वतःच्या चिमटीत पोपडा धरला. मुश्ताकभाईंनी खणातून तो पहिला, मातकट नमुना आणला आणि शेजारी धरला. वर्षभराच्या उन्हाने हिरवा जिथवर उतरला होता, बरोबर तिथवर चार शाया पोचल्या होत्या.

"हा," कृष्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. एकेक अक्षर, सावकाश.

मला रडू आलं. मी समोरच्या मजकुरात चूक शोधू लागले. एकही सापडली नाही.

भावेश तो नमुना हातात घेऊन उभा होता. "भाई, हा रंग डब्यात भेटंल का?"

"दुकानात ताजा मिळेल," मुश्ताकभाई म्हणाले. "तुम्ही मारा. पुढच्या वर्षी असा होईल."