खेळाची कॅसेट, पत्राची कॅसेट

नवरा मस्कतहून सुट्टीवर आला तेव्हा मुलीसाठी टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर घेऊन आला, आणि आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत खेळांचा पसारा झाला. टेप रेकॉर्डरवर लावायची ती कॅसेट, कॉम्प्युटरच्या खाचेत बसवायची ती कार्ट्रिज, आणि पातळ, चौकोनी ती फ्लॉपी. फ्लॉपी चालवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतंच. कुणीतरी फुकट दिली म्हणून त्याने आणली होती. बिल्डिंगमधली पोरं तिन्हींना कॅसेटच म्हणायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी ऑफिसात रेकॉर्ड सांभाळणारी बाई. वस्तूला तिचं नाव हवं, तिची जागा हवी.

तो परत गेल्यावर एका रविवारी मी पदर खोचला. कार्ट्रिज वरच्या खणात, फ्लॉपी पुठ्ठ्यात, कॅसेट सगळ्या खालच्या ड्रॉवरमध्ये उभ्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: 'खेळ' नाहीतर 'पत्र'. पत्र म्हणजे नवऱ्याने स्वतःच्या आवाजात भरून पाठवलेल्या कॅसेट. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी तो बोलूनच पत्र पाठवायचा. त्या कॅसेट त्यांनी देवाशेजारी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या. कॅसेट ती कॅसेट, म्हणून मी त्याही ड्रॉवरमध्ये लावून टाकल्या. वाचता न येणाऱ्या बाईसाठी आपण चिठ्ठ्या लावतोय, हे डोक्यात आलंच नाही. शहाणी ना मी!

दोन दिवसांनी ऑफिसातून आले तर जिन्यातच कर्कश किरकिर ऐकू आली. घरात सासूबाई एकट्याच टेपसमोर बसलेल्या, हात मांडीवर. खेळाची कॅसेट लागली होती. कॉम्प्युटरला ज्यात खेळ सापडतो, ते माणसाच्या कानाला पत्रा खरवडल्यासारखं लागतं. मी बंद करायला धावले.

"गप रव गो," त्या म्हणाल्या. "शेवटाक बोलतलो तो."

"आई, ही खेळाची आहे. हिच्यात ह्यांचा आवाज नाही."

"पण तेनाच धाडल्यान ना?"

एक बाजू त्यांनी पूर्ण ऐकली होती, आता उलटून दुसरी ऐकत होत्या. लेक बोलेल म्हणून. मला रडूच आलं. पत्रांच्या सगळ्या कॅसेट काढल्या, डब्यात भरल्या, डबा देवाशेजारी ठेवला. मग नवऱ्याला पत्र लिहायला बसले आणि घडलं ते सगळं कळवलं, माझा शहाणपणासुद्धा.

पुढच्या महिन्यात कुणाबरोबर तरी त्याने नवा खेळ पाठवला. मुलगी कॉम्प्युटर जोडायला निघाली होती, पण मी कॅसेट आधी सासूबाईंच्या हातात दिली. बटण त्यांनीच दाबलं. किरकिर झाली. संपली. थोडा वेळ नुसतीच फीत फिरत राहिली.

"आये, जेवलंस गो?"

"जेवलंय रे," सासूबाई म्हणाल्या. मग मस्कत लांब आहे हे आठवून टेपच्या आणखी जवळ सरकल्या आणि पुन्हा, मोठ्याने म्हणाल्या, "जेवलंय!"