उजवा कौल कुणाच्या बाजूचा

आईच्या माहेरच्या बायका लवकर जायच्या. आजी गेली तेव्हा आई परकरात होती, थोरली मावशी गेली तेव्हा मी पाळण्यात होते, आणि आई गेली तेव्हा मी दहावीला. अप्पा धाराशिवकडचं कोरडवाहू गाव सोडून भोसरीला एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये लागले होते. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही तिघं आणि नवऱ्यानं टाकलेली धाकटी मावशी. आई एका कंपनीत पॅकिंगला जायची. शेवटच्या वर्षी आमच्या खोलीत दिवसभर उदबत्ती जळायची. शेजारणी म्हणायच्या, तुझी आई देवाचं फार करते. ती उदबत्ती आईच्या छातीवरच्या जखमेचा वास झाकायला होती, हे मला फार उशिरा कळलं. आई कुणाला काही बोलली नाही. मावशीला माहीत होतं, पण तीही बोलली नाही. आमच्यात त्या आजाराचं नाव घेत नसत, 'तसलं' म्हणत. नाव घेतलं की ते घर ओळखतं, असा समज. म्हणून मी इथे मुद्दाम पूर्ण लिहिते : स्तनाचा कॅन्सर.

मी बी.एस्सी. झाले. दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेणारी मी पहिली, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला लागले. ओतीव पार्ट वरून चकचकीत असला तरी आतून पोकळ असू शकतो, म्हणून त्याचा एक्स-रे काढतात, ते माझं काम. लग्न झालं, मोशीला फ्लॅट घेतला. अप्पा गेल्यावर मावशीला माझ्याकडे आणलं. एकदा दवाखान्यात तपासणीसाठी गेले असताना तिथल्या डॉक्टर मॅडमनी घरातल्या आजारांची चौकशी केली. मी आजी, थोरली मावशी, आई असं सांगत गेले आणि त्यांचं पेन थांबलं. मग रक्ताची तपासणी झाली. आईच्या घराण्यातून आलेला जनुकातला दोष माझ्यातही निघाला. मॅडम म्हणाल्या, "आजार झालाय असं नाही, पण धोका मोठा आहे. दर वर्षी मॅमोग्राफी आणि दर वर्षी एमआरआय, सहा-सहा महिन्यांनी आलटून पालटून. तुमच्या वयात मांस दाट असतं, मॅमोग्राफीत गाठ लपून राहू शकते. एमआरआय चुकवायचा नाही."

दोन वर्षं मी नेमानं गेले. दोन्ही वर्षी काही निघालं नाही. पण काही न निघण्याचाही एक थकवा असतो, तो ज्याचा त्यालाच ठाऊक. तारीख जवळ आली की मी भाजीत मीठ विसरायची. तिसऱ्या वर्षीची मॅमोग्राफी स्वच्छ आली आणि मला वाटलं, आता बास. एमआरआय पाळीनंतरच्या ठराविक दिवसांतच करतात, ते दिवस हुकले की पुढच्या महिन्यावर जातं. तसं ते एकदा गेलं, दुसऱ्यांदाही गेलं. माझा नवरा संतोष थट्टेत म्हणाला, "कंपनीत केसाएवढ्या फटीला पार्ट रिजेक्ट करतेस, आणि घरी स्वतःला न बघताच पास केलंस होय?" मी चिडले.

मावशीचं वेगळंच होतं. "आगं, हुडकायला गेलं की घावतंच. निजलेल्याला कशाला उठवतीस?" तिनं स्वतःची रक्ताची तपासणी कधी करू दिली नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "देवीला कौल लावू. ती जा म्हणली तर जा, मी आडवी येणार न्हाई." शिकलेली असून मी हो म्हणाले. खरं तर मला कुणीतरी 'नको जाऊ' म्हणायला हवं होतं.

मोशीत नदीच्या बाजूला, नव्या टॉवरांच्या मागे देवीचं एक लहान देऊळ आहे. मार्गशीर्ष होता. माझी सेकंड शिफ्ट होती म्हणून सकाळीच गेलो. धुकं इतकं की टॉवर कमरेपासून वर नव्हतेच. इंद्रायणीवर पांढरा फेस साचला होता आणि तो अगदी हळू, आवाज न करता सरकत होता. एरवी तिथली कुत्री अंगावर येतात, त्या दिवशी ती पायरीखाली अंग चोरून बसली होती. पुजारी आले नव्हते. मावशीनं स्वतःच शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या केल्या आणि देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी मनात विचारलं, जाऊ का?

बराच वेळ काहीच पडेना. गाभाऱ्यात वारा नव्हता, तरी समईची ज्योत एका बाजूला वाकून तशीच राहिली. मग एक पाकळी सुटली. मावशीनं लगेच हात जोडले. "डावी. न्हाई म्हणली बघ." माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी सभामंडपात येऊन एमआरआयची तारीख रद्द करायला फोन काढला.

"कुणाची डावी?"

खांबाशी एक बाई बसली होती. आम्ही आलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. हिरवं लुगडं कमरेपर्यंत ओलं, केस मोकळे, वय सांगता येऊ नये असा चेहरा. मी म्हटलं, "देवीची." ती हसली नाही. म्हणाली, "ती तुझ्याकडं तोंड करून बसलीया. तिचा उजवा हात कुठला, तुझा कुठला? बघ की."

मी वळून गाभाऱ्यात बघितलं. देवी आमच्यासमोर होती. आमच्या डाव्या हाताला जो खांदा, तो तिचा उजवा. कौल उजवा होता. ती 'जा' म्हणाली होती.

मावशीला दोष देता येत नाही. तिच्या गावी कौल गुरवानं लावायचा आणि पुरुषांनी बघायचा. बायका दूर ओट्याखाली उभ्या, त्यांच्या कानावर फक्त उजवा की डावा एवढंच यायचं. देवीच्या समोर उभं राहून मावशीनं आयुष्यात कधी कौल बघितलाच नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, तो आपल्या बाजूनं.

मी परत वळले तर खांबाशी कोणी नव्हतं. फरशीवर ओली पावलं होती. ती दाराकडून आत आली होती आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबली होती. बाहेर जाणारं एकही पाऊल नव्हतं. मावशी माझा दंड धरून म्हणाली, "कुणाशी बोलतीस?" ते काय होतं, मी सांगू शकत नाही. मी फोन पर्समध्ये ठेवला.

एमआरआयला जाताना अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, सगळं संतोषच्या हातात दिलं. आत टेबलावर पालथं झोपवतात, तोंड खाली, हात डोक्याच्या पुढे. दोनदा मी तशी झोपले होते, पण हे दंडवत आहे हे मला तिसऱ्या वेळी कळलं. टेबल बोगद्यात सरकलं. यंत्राची ठकठक सुरू झाली आणि थोड्याच वेळात ती संबळासारखी वाजू लागली. आमच्याकडे गोंधळात वाजतो तसाच, ठेक्यासकट. शिरेतून औषध थंड होऊन चढलं. डोळ्यांखालच्या पोकळीत अंधार होता आणि त्यातून ओल्या मातीचा वास येत होता. मग माझ्या टाचेवर कुणीतरी तळवा ठेवला. गार, ओला, बाईचा. घाबरले तर दाबायला रबरी फुगा हातात दिलेला असतो. मी तो दाबला नाही. मला वाटलं, माझ्या अलीकडे-पलीकडे आजी, थोरली मावशी, आई अशाच पालथ्या निजल्यात आणि त्यांनाही कुणीतरी आज पहिल्यांदाच बघतंय. मी मनात म्हटलं, बघ बाई, जे असेल ते बघ.

बाहेर आल्यावर तिथली टेक्निशियन मुलगी म्हणाली, "ताई, मध्ये तुम्ही काही म्हणत होता का? आत गाण्यासारखं ऐकू आलं मला." माझे ओठ हललेही नव्हते.

मॅडमनी पडद्यावर चित्र दाखवलं. उजवीकडे एक पांढरा ठिपका. मी म्हटलं, उजव्या बाजूला? त्या म्हणाल्या, "नाही, हा तुमचा डावा. तुम्ही माझ्यासमोर तोंड करून उभ्या आहात असं धरून बघायचं असतं." मला देवळातला गाभारा आठवला. नंतर सोनोग्राफीत तीच जागा शोधून सुईनं तुकडा काढला. कॅन्सर होता. तांदळाच्या दाण्याएवढा, हाताला न लागणारा, मॅमोग्राफीत न दिसलेला.

मावशी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी न सांगता साडी नेसून दारात उभी राहिली. "चल, माझंबी रगत तपासायला दे." तिच्यात तो दोष निघाला नाही. तेव्हा ती ढसाढसा रडली. "तिघींना नेलं आन् मलाच का सोडलं गं?" मी म्हटलं, "मला वाढवायला." ती म्हणाली, "लई शानी झालीस." आणि डोळे पुसले.

देवीचं मी अजून करते. पण मागणं बदललंय. पूर्वी मागायची, काही निघू नये. आता म्हणते, जे आहे ते मला दिसू दे, पुढचं तू बघ. शरण जाणं मला त्या टेबलावर कळलं. पालथं पडायचं, श्वास शांत ठेवायचा आणि स्वतःला बघू द्यायचं. ती बाई पुन्हा दिसली नाही. मी शोधलंही नाही.

माझं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठींपर्यंत काही पोचलं नव्हतं. उपचार पूर्ण झाले, मी कामावर परत रुजू झाले आणि तपासण्या वेळेवर करते. आईच्या माहेरात हा आजार होऊन त्यातून बरी झालेली मी पहिली बाई आहे.