हिरव्या लोकरीचं पातेलं

मी माझ्या माळकरी सासूबाईंना पोर्क खायला घातलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, आता लपवण्यात काही अर्थ नाही.
नितीन, तूही हे इथेच पहिल्यांदा वाचतोयस. सॉरी.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाईहून आमच्याकडे लीड्सला राहायला आल्या त्या गळ्यात तुळशीची माळ आणि मनात भरपूर संशय घेऊन.

पहिला संशय सुपरमार्केटवर.

"इथे पाकिटावर हिरवा ठिपका का नसतो गं?"

"आई, हे बघा, व्हेजिटेरियन लिहिलंय ना."

"लिहायला काय जातंय त्यांचं!"

मग बिस्किटांपासून चीजपर्यंत प्रत्येक पाकीट माझ्या नवऱ्याने, नितीनने, मोठ्याने वाचून दाखवायचं. एखादा शब्द त्याने गिळला की पुन्हा पहिल्यापासून.

आणि अशा घरात मी दर रविवारी सॉसेज-बटाट्याचं सूप करायचे.

आमच्या वॉर्डवरच्या एका इटालियन-अमेरिकन नर्सने शिकवलेलं. सॉसेजचं साल काढून आतला खिमा कांदा-लसणीवर खरपूस परतायचा. बटाट्याच्या जाड चकत्या, स्टॉक, केलची हिरवी पानं आणि शेवटी हात न आखडता डबल क्रीम. इथल्या साध्या सॉसेजला तो इटालियन वास यावा म्हणून मी बडीशेप कुटून घालते.
माझ्या लेकीला, रेवाला, त्याशिवाय रविवार वाटायचाच नाही.

म्हणून दोन पातेली. एकात पोर्क, दुसऱ्यात आईंसाठी व्हेज सॉसेज आणि व्हेज स्टॉक. दोन्हीत बडीशेप, दोन्हीत क्रीम. वरून बघून कुणाला कळलं असतं तर शपथ.

आईंनी विणकामाच्या पिशवीतून हिरव्या लोकरीचा तुकडा काढला आणि आपल्या पातेल्याच्या कानाला बांधला.

"हा माझा ठिपका."

तरीही पहिला घास घ्यायच्या आधी प्रश्न ठरलेला. "डाव वेगळा घेतलास ना?"

दर रविवारी! मी डॉक्टर आहे. लोक माझ्या भरवशावर हॉस्पिटलमध्ये शांत झोपतात. पण डावाच्या बाबतीत माझा भरवसा नाही.

एकदा माझं डोकं फिरलं. "इतका संशय घेण्यापेक्षा एकदा खाऊनच बघा ना. काही होत नाही."



त्यानंतर दोनच आठवड्यांनी तो रविवार आला.
आदल्या दिवशी माझा एक पेशंट गेला होता. तरुण होता. बटाटे चिरतानाही माझे डोळे भरून येत होते. लोकर गॅसच्या ज्योतीपाशी लोंबायला लागली म्हणून सोडली. थोड्या वेळाने परत बांधली.

चुकीच्या पातेल्याला.

मी जेवले नव्हते, म्हणून हे कळलं भांडी घासताना. हिरव्या लोकरीच्या पातेल्यातलं उरलेलं चमचाभर तोंडात टाकलं. पोर्क. आई जेवून उठल्या होत्या. त्यांची वाटी त्यांनी स्वतःच धुऊन ठेवली होती, एरवी कधी धुवायच्या नाहीत.

सांगायला निघालेसुद्धा. त्यांच्या खोलीच्या दारात मला माझंच ते वाक्य आठवलं. एकदा खाऊनच बघा.
त्यांना वाटणार, मी मुद्दाम केलं.

मी मागे फिरले.

सोमवारी आईंनी उपास केला. एकादशी नव्हती, चतुर्थी नव्हती. मी कॅलेंडर दोनदा बघितलं.

"आज कसला उपास, आई?"

"असाच."

पुढच्या रविवारी त्यांनी लोकर स्वतः बांधली. तीन गाठी मारून. आणि डावाचं विचारलंच नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही.

तेव्हापासून संशय घ्यायची पाळी माझी.

यांना कळलंय का? कळलंय तर बोलत का नाहीत? चहाला "छान झालाय" म्हणाल्या तरी मी त्यात टोमणा शोधायचे. वाईला फोनवर हळू आवाजात बोलायला लागल्या की मी जिन्यात थांबून कान द्यायचे. लाज वाटते सांगायला, पण द्यायचे.

चार वर्षं हेच.

शेवटच्या आजारपणात एकदा त्यांनी माझा हात धरला. "काही सांगायचंय का गं तुला?"

"नाही हो, आई."

त्या गेल्या आणि मी सूप करणं बंद केलं.

गेल्या रविवारी रेवा हटूनच बसली. बारा वर्षांची झालीय, ऐकते कसली. पातेलं काढलं. कानाला ती लोकर तशीच, तिन्ही गाठींसकट.
मला रडू फुटलं.

रेवा म्हणाली, "मम्मा, तू त्या मिस्टेकसाठी रडते? आजीला माहीत होता."

"काय माहीत होतं?"

"रॉंग सूप. माझ्या बाऊलमध्ये व्हेजी वाला होता, मी आजीला सांगितला. तिचा ऑलमोस्ट संपला होता. ती अशी बोट ठेवली लिप्सवर."

मी पातेलं खाली ठेवलं.

"मी विचारला, मम्माने ऑन पर्पज केला? तर आजी मला रागवली. म्हणाली, तुझी आई असं कधी करणार नाही. कालपासून रडतेय ती, तिला हे अजिबात सांगायचं नाही."

"आणि मग डावाचं विचारणं का सोडलं त्यांनी?"

"तेपण मी विचारला. ती म्हणाली, आता विचारलं तर तुझ्या आईला लागेल."

चार वर्षं मी जिन्यात उभी राहून कान देत होते. आणि सात वर्षांची पोर आणि तिची आजी, दोघी मिळून मला सांभाळत होत्या.

आई, तुम्ही हात धरून विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं चुकलं.

आज सूप केलंय. दोन पातेल्यांत.
तुमच्या पातेल्याची लोकर मी सोडलेली नाही. त्यातली पहिली वाटी तुमच्या फोटोपुढे ठेवलीय.

डाव वेगळा घेतलाय.

एकदा विचारा ना, आई.