मुंगीशेठ आणि जाळ्यांचा मासा

साखरेचं पोतं उघडण्याआधी मुंगीशेठ त्यावर चार थापा मारायचे आणि थांबायचे. आतल्या मुंग्यांना बाहेर पडायला सवड हवी! गिऱ्हाईक तोवर ताटकळलेलं. शहाद्याच्या बाजारपेठेत त्यांचं खरं नाव देरासराबाहेर, त्यांच्या जैन मंदिराबाहेर, कुणी घेतच नव्हतं.

शेजारी आमचं शिवणकामाचं दुकान. आमच्याकडे मासे शिजले की शेठ नाकाला रुमाल लावून ओरडायचे, "तुन्हा अब्बाले सांग, मन्हा गूळले वास लागी ऱ्हायना!" आणि ईद आली की शीरखुर्म्याची साखर स्वतः निवडून पाठवायचे. कुठंही गेले तरी पाणी मात्र घरचंच, गाळून उकळलेलं. त्याची स्टीलची बरणी कायम काखेत. मी तिची भरपूर टिंगल करायचो.

दोन वर्षांपूर्वी त्यांना सुरतेला दिलेल्या मुलीकडे मी गाडीनं घेऊन गेलो. किनाऱ्यावर मोठा मासा मांडलाय, बघून या, असं मुलीनंच सांगितलं. समुद्रातून काढलेल्या फाटक्या जाळ्यांचा तो घराएवढा मासा. खाली फलक, 'समुद्री जीव वाचवा'. आणि वास! शी! मासे खाणारा मी, तरी दोन पावलं मागं सरलो. भरतीबरोबर आत शिरलेले खेकडे जाळ्यांत अडकून सडले होते. काही अजून पाय हलवत होते. आणि लोक? नाक दाबायचे, फोटोपुरतं सोडायचे, दात काढायचे, पुन्हा दाबायचे. खेकड्यांपेक्षा मला त्यांचीच किळस आली.

शेठनी तिथल्या व्यवस्थापकाला हाक मारली. तो हसत हिंदीत म्हणाला, "रोज अडकतात, काका. संध्याकाळी झाडून काढतो."

"झाडीसन? जित्ता शेतस त्या!" शेठ त्याच्या अंगावर ओरडले. "माले तुन्ही घिन येस!"

पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी ते चिखलात बसले. माझ्या खिशात दोरे कापायची कात्री होतीच; मी धागे कापत गेलो, ते खेकडे सोडवत गेले. रखवालदार शिव्या देत होता. लोक आता आमचेच व्हिडिओ काढत होते, निर्लज्ज कुठले! ओहोटीनं पाणी पार लांब गेलेलं. तिथवर उन्हात खेकडे तगायचे नाहीत, म्हणून शेठनी ते आपल्या बरणीतल्या पाण्यात सोडले. बरणी पोटाशी धरून चिखल तुडवत निघाले. "पोचनूत, पोचनूत," असं आत बघून सांगत होते.

पाण्याजवळ एक कोळीण होती. तिनं बरणीत बोट बुडवून चाटलं. "मीठा पानी? अरे चाचा, ये तो खारे पानी के जीव! मार डाला तुमने."

शेठनी बरणी समुद्रात उपडी केली. एकही खेकडा हलला नाही.

परतीच्या वाटेवर विसरवाडीला चहासाठी थांबलो. शेठ गाडीतून उतरलेच नाहीत. शहाद्यात तो व्हिडिओ आमच्याआधी पोचला होता. महिनाभर लोक दुकानासमोर बोटांचे खेकडे करून दाखवत. तोंडात मारावी एकेकाच्या, असं वाटायचं. शेठ मान खाली घालून पुड्या बांधायचे.

या उन्हाळ्यात ते गेले. शेवटच्या आठवड्यात बोलणं जवळजवळ बंदच होतं. मी उशाशी बसलो होतो, एकदम त्यांनी माझं मनगट धरलं.

"पयले पयले त्यासले गार लागनं व्हई ना रे?"

कुणाला, ते विचारावं लागलं नाही.

"हा शेठ," मी म्हणालो. "भलतं गार लागनं व्हई."

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मनगट सोडलं नाही.