देऊळगावच्या यात्रेतला तवा

आई गेली त्या वर्षी मी जेवढे तवे घरी आणले तेवढे आधी कधीच आणले नव्हते, आणि त्यांतला एकही ऐकला नाही.

तवा म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. आमच्या वऱ्हाडात तवाच म्हणत. काळा, गोल, जड, आणि हातातून सुटला की संपला. मी खामगावला एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायच्या कामावर होतो. हंगामात चिखली, मेहकर, देऊळगाव राजा अशी फिरती असायची. दिवसभर कापसाचा धागा ओढून बघायचा, अडत्यांशी हुज्जत घालायची आणि बाजार उठला की गावात कुणाकडे जुने तवे निघतात का याची चौकशी करायची. दुसरं व्यसन नव्हतं. आमचे काका म्हणायचे, दारू पिणारा निदान रिकाम्या हातानं तरी घरी येतो.

घरात मोठं माणूस गेलं की आमच्याकडे वर्ष पाळतात. गोडधोड नाही, दाराला तोरण नाही, लग्नाकार्याला जाणं नाही आणि गाणं-बजावणं तर नाहीच नाही. तेराव्याचे पाहुणे पांगले तसा काकांनी ग्रामोफोनच्या मशीनचा कर्णा स्वतः काढला, गोधडीत गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. पेटीवर पांढरं धोतर टाकलं. मी मुंडण केलेल्या डोक्यानं उभा राहून पाहत होतो. एरवी माझ्या मशीनला कुणी बोट लावलं तरी मी घर डोक्यावर घ्यायचो. त्या दिवशी मला काही वाटलं नाही. काहीच वाटत नव्हतं. रडूही आलं नव्हतं, आणि नातेवाईक बायकांनी ते बरोबर हेरलं होतं. "पोरगा दगड झाला बाई," असं एक म्हातारी माझ्यादेखत म्हणाली. मी तिला पाणी नेऊन दिलं.

तरी पुढच्या फिरतीला मी चिखलीत एका वकिलाच्या घरी जुने तवे पाहायला गेलोच. कारण आईनं मागितलेला तवा अजून सापडला नव्हता.

त्याची गोष्ट अशी. मशीन पहिल्यांदा घरात आलं तेव्हा आईनं नाक मुरडलं होतं. "कोन्या कोन्या बाया घरात आनून बसवल्या रे," म्हणाली. महिनाभर ती त्या खोलीत आली नाही. मग तुरीच्या शेंगा सोलायला म्हणून दारापाशी बसू लागली, मग उंबऱ्याच्या आत. आणि एका सुटीच्या दिवशी तिनं मला विचारलं, "मले थे गानं आनून देतं का?"

"कोणतं?"

देऊळगाव राजा तिच्या माहेराजवळ. तिथं बालाजीच्या यात्रेत, माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा, तिनं एका दुकानाबाहेर उभं राहून पहिल्यांदा हे यंत्र ऐकलं होतं. बरोबरच्या बायका पुढं निघून गेल्या आणि ती गर्दीत एकटी राहिली. चुकली म्हणून नंतर बोलणीही खाल्ली.

"एक बाई गाते," आई म्हणाली. "पह्यले हळू गाते. मंग वर जाते. आन शेवटी कायतरी बोलते आन हासते."

"शब्द काय होते?"

"थे मले आठोलं असतं त तुले कायले सांगतलं असतं?"

आता यात खूण म्हणावी अशी एकही गोष्ट नव्हती. सगळ्याच बाया आधी हळू गातात आणि मग वर जातात. आणि त्या काळच्या निम्म्या तव्यांवर गाणारीण शेवटी आपलं नाव सांगते. तवे दाबून निघायचे परदेशात, तिथल्या कारागिरांना कुठला तवा कोणाचा ते कळावं म्हणून. नाव सांगून झालं की काहीजणी हसतात, सुटलो एकदाचे म्हणून. मी हे आईला समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही. ती बाई तिच्याकडे पाहून हसली होती, असंच तिचं म्हणणं होतं.

"चाल तरी म्हणून दाखव," मी म्हणालो. तिनं लाजत लाजत गुणगुणली. ती जात्यावरची ओवी होती. आई काहीही गुणगुणली तरी त्याची ओवीच व्हायची. मी हात टेकले.

मग ती रीतच पडली. सुटीच्या दिवशी दुपारची जेवणं झाली की मी मशीन पुसायचो, नवी पिन लावायचो, चावी द्यायचो. आई भिंतीला टेकून, गालावर हात ठेवून बसायची. मी तव्याकडे पाहत बसायचो, सुई कुठं घसरते, कुठं खरखरते ते ऐकत. बायको तोवर आतली भांडी आवरायची. तवा संपला की आई गालावरचा हात काढायची आणि म्हणायची, "हे नोहे बापा."

कितीतरी तवे असे आले आणि "हे नोहे" होऊन फळीवर गेले. नाटकातल्या एका बुवांचं पद आणलं. आवाज काय भरदार, पण तीन-साडेतीन मिनिटांत सगळी विद्या दाखवायची म्हणून गडी मोटार चुकणार असल्यासारखा धावत होता. आईला म्हटलं, हा तर बाप्या आहे, तुझी तर बाई होती. म्हणाली, आयकू त दे. एका बाईंची भैरवी मिळाली, फार गोड, पण पेटीवाला सारखा तिच्या पुढं पुढं. ती मी अजूनही ऐकतो आणि अजूनही त्या पेटीवाल्याला शिव्या देतो. एक नकलेचा तवा होता, सासू-सुनेचं भांडण, दोघींचे आवाज एकाच माणसानं काढलेले. आई पदर तोंडाला लावून हसली, दोनदा लावायला लावला, आणि गंभीर होऊन म्हणाली, "पन हे नोहे." मी वैतागायचो. वैतागत पुढच्या फिरतीत दुसरा शोधायचो.

असं चालू असताना ती गेली. थंडीत ताप आला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं.

त्यानंतरचं वर्ष मला नीट सांगता येत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही जाणवलंच नाही. जेवण समोर आलं की जेवायचो. कापसात हात घालायचो, धागा ओढायचो, भाव बोलायचो. कुणी आईची आठवण काढली की मान हलवायचो. एकच गोष्ट मला उठवून बाहेर काढत होती, आणि ती म्हणजे हा तवा. जालन्याला गेलो, निजामाच्या हद्दीत. परतताना नाक्यावरच्या शिपायानं पिशवी उघडायला लावली, तवे उन्हात धरून पाहिले आणि विचारलं, "ये बजते हैं?" मी म्हटलं, बजते. खरं तर मला ते माहीत नव्हतं. ऐकता येत नसल्यानं मी तवे डोळ्यांनी पाहायला शिकलो होतो. तिरप्या उजेडात धरलं की रेघांवरून आवाज कुठं चढलाय ते थोडंफार दिसतं. आधी बारीक, मग खडबडीत. शेवटी कोरी पट्टी आणि तिच्यात मध्येच एक छोटासा खडबडीत तुकडा दिसला की समजायचं, बाई इथं बोलली. असे तवे मी वेगळे ठेवत गेलो.

काकांना कळलं तेव्हा ते घरी येऊन ओरडले. "मायचं वर्षही झालं नाही आन तुले गाने सुचतात! लोकं काय म्हनतीन?"

"वाजवत नाही मी," मी म्हणालो.

"मंग आनतो काऊन?"

ज्या माणसाला हवा होता ते माणूस नाही, हे मलाही कळत होतं. पण तो तवा मिळाला की माझ्या आत काहीतरी हलेल, असं मी धरून चाललो होतो. नाही मिळाला तर मी असाच राहणार, लाकडासारखा, याची मला भीती वाटत होती. त्या वर्षात वाटलेली तेवढी एकच गोष्ट.

वर्ष सरत आलं तेव्हा देऊळगावात पत्ता लागला. बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे मियाँ होते. त्यांचे वालिद, म्हणजे वडील, यात्रेत दुकानाबाहेर बाजा लावून गिऱ्हाईक जमवायचे. माझ्या उघड्या तोंडाकडे पाहून मियाँ म्हणाले, "बसा ना भाऊ. असे काय उभे राहून राह्यले?" मी सगळं सांगितलं. त्यांनी पेटाऱ्यातून चार-पाच जुने तवे काढले, फुंकून धूळ उडवली आणि एक निवडला. "बाई गाते असा हाच एक उरला आता. यात्रेत लय वाजे हा. लावू का?"

"नको. वर्ष आहे. आईचं."

त्यांनी मशीनचं झाकण उघडलं होतं, ते हळूच पुन्हा लावलं. "मंग घरी नेऊन आयका," म्हणाले. "पन आयका जरूर." मी तवा उन्हात धरला. बारीक रेघा, मग खडबडीत, शेवटच्या कोऱ्या पट्टीत छोटासा तुकडा. मोटारीत सगळा रस्ता मी तो मांडीवर आडवा धरून बसलो होतो. खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलायचो, आणि शेजारचा माणूस माझ्याकडे पाहायचा.

वर्षश्राद्ध झालं. ब्राह्मण, पाहुणे, काका सगळे जेवून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माळ्यावरून कर्णा काढला. बायको दारात उभी राहिली. मी तिला म्हटलं, ये, आईचं गाणं मिळालंय.

लावलं. एक बाई हळू गायली, मग वर गेली. आवाज चांगला होता, जरा नाकातला. शेवटी तिनं नाव सांगितलं आणि हसलीसुद्धा. मी वाट पाहत होतो. आत काहीही हललं नाही. खोलीत फक्त सुईची खरखर होती.

"हे नोहे जी," बायको म्हणाली.

मला वाटलं ती थट्टा करते आहे. तशी ती थट्टेखोर आहे. पण तिचं तोंड तसं नव्हतं.

"तुला काय माहीत?"

ती आत आली. फळीवरच्या जुन्या तव्यांची चळत तिनं बोटानं चाळली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण एक कडेला टवका उडालेला तवा तिनं न चुकता ओढून काढला. मशीन आलं त्याच वर्षीचा तो. मी तो चिखलीहून आणला होता आणि एकदा वाजवून, भिकार म्हणून, खाली दडपला होता.

"हे होय थे," ती म्हणाली. "हे लावलं त्या दिवशी तुमी उठून गेले आन मायनं चुलीपाशी माह्या हात धरला. म्हने, हेच होय थे गानं. पन त्याले सांगू नोको. सांगतलं त मंग थो काऊन बसन माह्यापाशी?"

मी खरखरणारी सुई उचलली आणि पिनेची डबी हातात घेतली.

"आणि तू? वर्षभर मी गावोगाव हिंडतो आहे."

"हिंडत त होते ना," ती म्हणाली. "घरात असे बसत होते तुमी, मले भेव लागे. सांगतलं असतं त हिंडनंही गेलं असतं."

मग तिनं माझ्या हातातून पिनेची डबी घेतली. मशीनला हात लावायचा नाही, अशी माझी घरात सक्त ताकीद होती. तिनं जुनी पिन काढली, नवी बसवून स्क्रू आवळला, तवा पदरानं गोल पुसला, चावी दिली आणि स्प्रिंग कुरकुरण्याच्या आधी थांबली. कुठं थांबायचं ते तिच्या हाताला माहीत होतं.

"तुमी फिरतीवर गेले की आमी दोघी लावत होतो," ती म्हणाली. "मायले थांबनं होये नाही."

गाणं साधंच होतं. बाई फार काही गात नव्हती. आई या गाण्यासाठी गर्दीत चुकली होती, मग ते तिला मिळालं होतं, आणि मिळाल्यावरही ती दर सुटीला माझ्या शेजारी येऊन बसत होती, नाटकातल्या धावत्या बुवांना आणि त्या पेटीवाल्याला ऐकत. गाणं वर गेलं तिथं मला रडू फुटलं. मोठ्यानं, पोरासारखं, नाक गळेपर्यंत. बायकोनं मला गप्प केलं नाही. ती भिंतीला टेकून बसून राहिली.

तवा संपला. तिनं सुई उचलली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "दुसरी बाजू लावू का? मायले थे आवडत नोहोती."

"नको," मी म्हणालो. "हीच लाव."