डॉक्टरांच्या गाडीचा सायलेन्सर

गॅरेजात किस्से फार साठतात. गाडी दुरुस्त होईपर्यंत मालकाला दुसरं काही करता येत नाही, म्हणून तो स्टुलावर बसतो आणि बोलतो. आपले हात कामात असतात, कान मोकळे. साठ सालाच्या आसपास घाटंजीला रहीमभाईंच्या गॅरेजात, एका कोपऱ्यात मी बॅटऱ्या चार्ज करायचो. तिथले निम्मे किस्से एकट्या डॉक्टरांच्या गाडीचे आहेत. सांगितले की लोक हसतात. पहिल्या काही किश्श्यांना मीही हसतो.

*

ही गाडी म्हणजे जुनी, बुटकी विलायती मोटार. तिचा सायलेन्सर गंजून गळून पडला होता, त्यामुळे ती फटाक्यांची माळ लावल्यासारखी वाजायची. एकदा डॉक्टर एका कापूस व्यापाऱ्याकडे लग्नाला गेले, तर आवाज ऐकून मांडवातल्या बाया ओवाळायचं ताट घेऊन बाहेर धावल्या. वरात आली असं वाटलं त्यांना!

रहीमभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, तुमची गाडी येतच नाही. बारात येते."

डॉक्टर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या दारात उभी.

*

पण त्या आवाजावर एका अख्ख्या रस्त्याचं वेळापत्रक चालायचं, हे डॉक्टरांच्या कधी ध्यानात आलं नाही.

दर शुक्रवारी ते पारवा गावी रोगी तपासायला जात. खिंडीत गाडी वाजली की रस्त्याकडेच्या गावांतले लोक आजाऱ्याची बाज उचलायचे, आणि गाडी येईपर्यंत फाट्यावर पोचायचे. फाट्यावर बाज दिसली तर डॉक्टर थांबत. नाही दिसली तर पुढे. आधीच नेऊन ठेवावं, तर तिथे सावलीला एक झाड नाही.

आमचा फिटर भिवा अशाच एका गावचा. त्याच्या म्हाताऱ्या आईला दमा होता. बाज हलली की धाप वाढायची, आणि डॉक्टर विचारायचे तेव्हा तिला बोलताही येत नसे. भिवाचं एकच मागणं होतं. डॉक्टरांनी एकदा घरी येऊन तिला पाहावं.

फाट्यावरून गावात यायचं तर मधे नाला होता. डॉक्टर म्हणत, "अरे, धुराचा पाइप किती खाली आहे बघ. पाणी शिरलं तर गाडी तिथेच बसेल."

*

एकदा गाडी आली ती चिखलानं माखलेली. रहीमभाईंनी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "पाटलांच्या सूनबाईंना ताप होता. जावं लागलं."

पाटील भिवाच्याच गावचे. नाला तोच.

"मग नाल्याचं काय केलं, साहेब?" भिवानं विचारलं.

"पाटलांनी बैल जुंपून गाडी ओढून नेली."

भिवा गाडीखालून बाहेर आला. "आमच्या वस्तीतबी बैल आहेत ना, साहेब."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि उशीर झाला म्हणाले.

*

भिवाच्या घरच्यांनी छप्पन सालीच बौद्ध धम्म घेतला होता. डॉक्टर हे जाणून होते, तरी दर खेपेला चार लोकांसमोर मजेत विचारायचे, "काय रे, आता तुम्हा लोकांना म्हणायचं तरी काय?"

"भिवा म्हणा, साहेब. नाव तेच आहे."

स्टुलावर बसलेले हसायचे. डॉक्टरही हसायचे. भिवा कधी हसला नाही, आणि डॉक्टरांना ते कधी दिसलं नाही.

*

त्या गाडीचा सायलेन्सर मिळणार कुठे? शेवटी दिग्रसहून एका मोडीत काढलेल्या ट्रकचा आणला. तो जवळजवळ निम्म्या गाडीएवढा. रहीमभाई बघतच राहिले. "याले गाडीखाली बसवायचं, का गाडीले याच्यावर?"

डॉक्टरांना घाई होती. तात्पुरता तारेनं बांधून दिला, तो भरबाजारात गळून पडला. भाजीवाल्या एका म्हातारीनं तो पदराच्या चुंबळीवर ठेवून सरळ दवाखान्यात नेला आणि रोग्यांच्या रांगेसमोर म्हणाली, "डाक्टर, तुमच्या बंबाची नळी पडली होती, घ्या."

*

मग भिवानं काम मनावर घेतलं. सायलेन्सर मधून कापला, आतल्या जाळ्या साफ केल्या, पुन्हा जोडला. आणि मागचा पाइप सरळ न काढता वर वळवून डिकीच्या उंचीला नेला. रहीमभाईंना वाटलं, हे नसतं लचांड. मला कळत होतं. तो सायलेन्सर बसवत नव्हता, नाला ओलांडत होता.

काम झाल्यावर रहीमभाई म्हणाले, "कर आता चालू."

"चालूच आहे, भाई."

रहीमभाईंनी बॉनेटवर हात ठेवून खात्री केली. डॉक्टर खूश! भिवानं हात पुसले आणि विचारलं, "आता तं नाल्यातून गाडी येईन ना, साहेब? पाइप उचलून देला."

"येईल की. शुक्रवारी येतो तुझ्याकडे."

मी तिथेच होतो. माझ्या कानांनी ऐकलं आहे.

*

शुक्रवारी भिवानं सुट्टी घेतली. नाल्यात चाकं रुतू नयेत म्हणून वस्तीतल्या पोरांना घेऊन दगड बसवले. अंगण सारवलं. आईला लुगडं बदलून बाजेवर बसवलं. फाट्यावर कोणी गेलं नाही. डॉक्टर घरी येणार होते, फाट्यावर जायचंच कशाला?

सगळे नाल्याच्या काठी कान देऊन बसले. ऊन उतरलं तेव्हा पारव्याकडून आलेला एक गाडीवान म्हणाला, डॉक्टर तर सकाळीच पारव्याला आले होते, परतही गेले.

शनिवारी सकाळी म्हातारी गेली.

*

पुढच्या आठवड्यात डॉक्टर गॅरेजात आले. गाडी आत शिरली तरी कोणाची मान वर झाली नाही.

"भिवा, कमाल केलीस," ते म्हणाले. "शुक्रवारी तुमच्या फाट्यावरून गेलो, तर कुत्रंसुद्धा उठलं नाही."

"हो, साहेब. माह्या मायलेबी नाही आली आयकू."

डॉक्टरांनी आई कशी आहे हे विचारलं नाही. त्यांचं काम वेगळं होतं. गाडीचा आवाजच येत नाही, त्यामुळे रस्त्यावरची माणसं बाजूला होत नाहीत, म्हणून मोठा हॉर्न बसवायचा होता.

रहीमभाई उठून भिवाच्या हातातला पाना घ्यायला गेले. त्यानं दिला नाही. स्वतःच हॉर्न बसवला. मी वायर बॅटरीला जोडून दिली. भिवानं बटण दाबलं.

पार बाजारापर्यंत आवाज गेला असेल.

"छान," डॉक्टर म्हणाले. "बस, बस."

भिवानं बोट काढलं नाही. समोरच्या दुकानांतले लोक बाहेर आले. डॉक्टर काहीतरी बोलत होते, फक्त तोंड हललेलं दिसत होतं. रहीमभाई पाठ करून उभे राहिले. शेवटी डॉक्टर माझ्या कानाशी येऊन ओरडले, "अहो बॅटरीवाले, ती वायर काढा!"

मी नाही काढली.