पांढऱ्या कपाळाचं औक्षण

औषधाची बाटली खिडकीच्या उजेडात धरायची, दोनदा हलवायची, डोसाची कागदी पट्टी अंगठ्याने दाबून बसवायची आणि म्हणायचं, "काय होत न्हाय हो. तीन दिवस घ्या." सोलापुरातल्या आमच्या पेठेतल्या दवाखान्यातले कंपाउंडर हे इतक्या खात्रीने म्हणायचे, की निम्मा ताप तिथल्या बाकावरच उतरायचा. डॉक्टर काय म्हणाले हे घरी गेल्यावर कुणाला आठवत नसे. कंपाउंडर काय म्हणाले, ते सगळ्यांना पाठ असे.

तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर हा माणूस पायी भटकतो यावर तुमचा विश्वास बसला नसता. बुटके, अंगाने भरलेले, चालताना जरासे डुलणारे. पण सुट्टी आली की त्यांचे पाय शिवशिवायचे. मी शाळामास्तर, नरसय्या चादरीच्या मागावरचा विणकर आणि हे, असं आमचं त्रिकूट. नरसय्याने मागावर बाद झालेल्या चादरींचे तुकडे शिवून पाठीवरच्या तीन पिशव्या केल्या होत्या. त्या अडकवून आम्ही निघालो की पोरं मागे लागायची आणि बायका दारात येऊन हसायच्या.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. त्या डिसेंबरात कंपाउंडरांना पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पन्नाशीची शांत करायचं मनात घेतलं होतं. भटजी ठरले होते. हे मात्र म्हणाले, "दिवं ओवाळून आयुष्य वाढलं असतं, तर दवाखाना कशाला काढला असता? मी नळदुर्गाला चालत जाणार."

घरात दोन दिवस अबोला झाला. शेवटी वहिनींनी माघार घेतली, पण एका अटीवर. त्यांनी पिशवीत निरांजन, वाती, कुंकवाची पुडी आणि सुपारी भरली. "वाढदिवसाच्या दिवशी वाटंत जे गाव लागंल, तितल्या सवाष्णीकडनं ओवाळून घ्यायचं," त्या म्हणाल्या. कंपाउंडरांनी मान हलवली.

पहिला मुक्काम बोरामणीला, देवळात झाला. दुसरा दिवस वाढदिवसाचा. सकाळी नरसय्या गाणं म्हणत पुढे निघून गेला होता. मी मागे वळून पाहिलं, तर कंपाउंडर मैलाच्या दगडावर बसलेले. एवढ्या थंडीत कपाळावर घाम, डावा हात छातीशी घट्ट. त्यांनी पिशवीतून एक लहानशी बाटली काढली आणि त्यातली बारीक गोळी जिभेखाली ठेवली.

मी घाबरून विचारलं, "कधीपासून हे?"

"झालं तीन-चार महिनं."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं की ते मला घरी बसवतील. मास्तर, मला घरी बसून मरायचं न्हाय." मग माझा हात धरून म्हणाले, "घरात बोलायचं न्हाय. माझी शपथ हाय तुमाला."

तेवढ्यात सोलापूरकडे जाणारी एसटी आली. मी हात केला असता तर ती थांबली असती. मी हात केला नाही. शपथ होती हे खरं, पण मलाही नळदुर्ग बघायचा होता हेही खरं. ते आज लिहितानाही मला लाज वाटते.

इटकळच्या अलीकडे दुपारी एका शेतातल्या गवती कोपीपाशी आम्ही पाणी मागितलं. एक म्हातारी एकटीच शेंगा निवडत बसली होती. नरसय्याने उत्साहाने सांगून टाकलं, की हे दवाखान्यात औषधं देतात, आज ह्यांना पन्नास पुरी झाली आणि ओवाळायला कुणी सवाष्ण पाहिजे.

"सून कामाला गेलीय वं," म्हातारी म्हणाली. "घरात मी एकलीच."

कंपाउंडरांनी पिशवीतलं निरांजन काढून तिच्यापुढे ठेवलं. "मग तुमीच ओवाळा, आक्का."

म्हातारी मागे सरकली. "मी कशी ओवाळू? माझ्या कपाळाला काय हाय?"

"कपाळाचं राहू द्या. हाताला काय झालंय?"

तिने आमच्याकडे पाहिलं, आम्ही खाली पाहिलं. मग तिने हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि ओवाळलं. कंपाउंडर तिच्या पाया पडले. संध्याकाळी आम्ही किल्ल्यावर होतो आणि ते कधी नव्हे इतके खुशीत होते.

परत आल्यावर नरसय्याने हा किस्सा वहिनींसमोर कौतुकाने सांगितला. त्याला वाटलं, त्या हसतील. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्या आत निघून गेल्या.

दीड महिन्याने कंपाउंडर गेले. दवाखान्यातच, स्टुलावर बसल्या बसल्या. तेराव्याला वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पांढऱ्या कपाळाच्या बाईकडनं ओवाळून घेतलं ह्यांनी. तिनंच खाल्लं माझं घर." बायकांनी माना डोलावल्या. नरसय्या रडायला लागला. मी समोर बसलो होतो आणि मला खरं ठाऊक होतं. ते बोललो असतो, तर पुढचा प्रश्न मलाच आला असता: मग तुम्ही त्यांना का परत फिरवलं नाही? मी पत्रावळीकडे बघत राहिलो. त्या म्हातारीच्या माथी बोल राहू दिला.

वर्षभर मला ते जाचत होतं. पुढच्या डिसेंबरात मी एकटाच एसटीने इटकळला उतरलो. म्हातारीने मला ओळखलं.

"ते गोळ्या-औषधवालं न्हाय आलं? सुखात हायती न्हवं? मला लई घोर लागलाय बाबा. माझ्या हातनं ओवाळून घेतलं त्यांनी, म्या बी ओवाळलं."

"खुशाल आहेत," मी म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

तिचे डोळे भरून आले. तिने ओंजळीने शेंगा घेतल्या, फडक्यात बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. "त्यास्नी द्या."

त्या शेंगा घेऊन मी सोलापूर स्टँडवर उतरलो. माझ्या घराकडे पाय वळेनात. सरळ वहिनींकडे गेलो, पुरचुंडी त्यांच्यापुढे ठेवली, त्या म्हातारीने दिली म्हणालो आणि मैलाच्या दगडापासून न थांबवलेल्या एसटीपर्यंत सगळं सांगितलं. त्या मला हाकलून देतील असं वाटलं होतं.

"मला ठाऊक हुतं, भावजी," त्या म्हणाल्या. "सदऱ्याच्या खिशात गोळ्या सापडल्या हुत्या मला. मलाबी त्यांनी शपथ घातली. निरांजन भरताना ती बाटली मीच वर ठेवली, लगेच हाताला लागावी म्हणून."

"मग त्या म्हातारीला..."

"कुणाला तरी बोल लावावा लागतोय की," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मीही रडलो. ज्यांनी कंपाउंडरांना अडवायला हवं होतं असे आम्ही दोघं होतो, आणि दोघांनीही त्यांना जाऊ दिलं होतं.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "म्हातारीला काय सांगितलंत?"

"खुशाल आहेत म्हणून."

वहिनींनी फडक्याची गाठ सोडली. शेंगांवरून हात फिरवला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "एका घरात तरी खुशाल असू द्या त्यास्नी."